खेळ पूर्ण झाला, समाधान झाले नाही

या वेळच्या प्रश्नोत्तरांसाठी आम्ही वाचकांसमोर एकच विषय ठेवला होता : शेवटपर्यंत खेळलेला आणि तरीही सर्वाधिक निराश करून गेलेला व्हिडिओ गेम. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न उत्तरांसह पुढे देत आहोत. शेवट उघड केल्याशिवाय या विषयावर बोलताच येत नाही. त्यामुळे एखादा खेळ अजून खेळायचा राहिला असेल, तर त्याचे नाव दिसताच तेवढा मजकूर वगळून पुढे जावे, ही विनंती.

प्रश्न : सर्वांत वाईट व्हिडिओ गेमच्या याद्यांत ‘ई. टी.’ आणि निन्टेन्डो ६४ वरचा ‘सुपरमॅन’ हे खेळ हमखास असतात. निराशेचा विषय निघाला की मात्र लोक वेगळीच नावे घेतात, आणि त्यांतले बरेचसे खेळ तर चांगले म्हणून नावाजलेले असतात. असे का व्हावे?

उत्तर : वाईट खेळ सहसा कोणी पूर्ण करत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. ‘ई. टी.’ १९८२ मध्ये नाताळच्या विक्रीसाठी घाईने बाजारात आणला गेला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो तयार करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते, आणि पुढे न खपलेली कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या जागी पुरण्यात आली, त्यांतली काही २०१४ मध्ये उकरून काढली गेली. असा खेळ हाती घेतल्यावर थोड्याच वेळात आपल्याला अंदाज येतो आणि आपण तो बाजूला ठेवतो. पैसे वाया गेल्याची हळहळ वाटते, पण ती फार काळ टिकत नाही.

निराश व्हायचे तर आधी विश्वास बसावा लागतो. चांगला खेळ वीस, तीस, कधी शंभर तास आपल्याला काहीतरी शिकवत असतो. कशाला महत्त्व द्यायचे, कशासाठी जपून राहायचे, कोणत्या कष्टाचे फळ मिळते, हे तो नियमांतून आणि बक्षिसांतून मनावर ठसवत जातो. शेवटी तोच खेळ त्या शिकवणीकडे पाठ फिरवतो, तेव्हा जी निराशा वाट्याला येते तिच्याविषयी आपण इथे बोलत आहोत. २००९ मधील ‘बॉर्डरलँड्स’ हे याचे अगदी नेमके उदाहरण आहे. त्या खेळाचा सारा आनंद पेट्या उघडण्यात आणि त्यांतून निघणाऱ्या नवनव्या बंदुकांत आहे, आणि त्याची सारी कथा ‘व्हॉल्ट’ नावाच्या एका दंतकथेतल्या खजिन्याच्या शोधाची आहे. अखेर तो व्हॉल्ट उघडतो, त्यातून लांबलचक शुंडांचा एक राक्षस बाहेर येतो, त्याला मारल्यावर दार पुढच्या दोनशे वर्षांसाठी बंद होते आणि खजिना मिळतच नाही. ज्या खेळाने पावलोपावली पेटी उघडायची सवय लावली, त्याचीच सर्वांत मोठी पेटी रिकामी निघाली. लढाई चांगली होती की वाईट, हा प्रश्न मग गौण ठरतो.

प्रश्न : ‘मास इफेक्ट’ या अंतराळकथेच्या मालिकेचे तिन्ही भाग मी एकाच शेपर्डसह, म्हणजे एकाच नायकासह, खेळलो. कोणाला वाचवायचे, कोणाशी तह करायचा, याचा तासन्‌तास विचार केला. तिसऱ्या भागाच्या शेवटी मात्र तीन रंगांपैकी एक निवडायचा होता. त्यानंतर आधीचे भाग पुन्हा खेळावेसेही वाटेनात. मित्र म्हणतात की शेवटची दहा मिनिटे सोडली तर खेळ उत्तम आहे, तू उगाच मनाला लावून घेतोस. आपले मत काय?

उत्तर : तुम्ही उगाच मनाला लावून घेतलेले नाही. या मालिकेने २००७ पासून खेळाडूशी एक करार केला होता. पहिल्या भागात घेतलेला निर्णय सेव्ह फाइलबरोबर दुसऱ्या भागात जाईल, तिथला तिसऱ्यात जाईल, आणि त्याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील, असा तो करार होता. व्हर्मायर ग्रहावर रेक्स या सोबत्याला समजावता आले नाही तर तो तिथेच मरतो आणि पुढच्या दोन्ही भागांत त्याची जागा दुसरा कोणीतरी घेतो. असे अनुभव घेतलेल्या खेळाडूने २०१२ मध्ये तिसऱ्या भागाच्या शेवटाकडून तशाच हिशेबाची अपेक्षा धरली, तर त्यात वावगे काही नव्हते.

प्रत्यक्षात काय झाले? अखेरच्या क्षणी लहान मुलाच्या रूपातील एक अज्ञात शक्ती प्रकट होते आणि रीपर या शत्रू यंत्रांचा नाश, त्यांच्यावर ताबा किंवा सजीव व यंत्र यांचा संयोग असे पर्याय समोर ठेवते. आकाशगंगाभर मित्र जोडून जमवलेले लष्करी बळ पर्यायांची संख्या आणि विध्वंसाचे प्रमाण यांवर परिणाम करते, पण जी माणसे आपण जोडली त्यांचे पुढे काय झाले याविषयी मूळ शेवट जवळजवळ काहीच सांगत नव्हता. निरनिराळ्या निवडींनंतर दिसणारी दृश्ये इतकी सारखी होती की मुख्य फरक प्रकाशाच्या रंगाचाच जाणवत असे. खेळाडूंनी इतका तीव्र निषेध केला की निर्माती कंपनी बायोवेअरला त्याच वर्षी जूनमध्ये विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला. त्यात सोबत्यांच्या भवितव्याची दृश्ये आली आणि सगळेच पर्याय नाकारण्याची चौथी वाटही आली.

माझा आक्षेप मात्र दृश्यांच्या तोकडेपणापेक्षा वेगळा आहे. याच चमूने २०१० मध्ये दुसऱ्या भागाचा शेवट लिहिला होता, आणि माझ्या मते निवडींचा मान राखणारा त्याहून चांगला शेवट फार थोड्या खेळांत आढळेल. त्या आत्मघातकी मोहिमेत कोण जगेल हे तुम्ही कोणाचा विश्वास संपादन केला, जहाजाची डागडुजी किती केली आणि ऐनवेळी कोणाला कोणते काम सोपवले यावर ठरते. सगळे परतू शकतात आणि चुकांचा डोंगर झाला तर खुद्द शेपर्डही मरू शकतो. म्हणजे असा शेवट कसा बांधायचा हे त्यांना ठाऊक होते. मित्रांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, हे सांगायला हवे : टुचांका ग्रहावर क्रोगन वंशाला लागलेल्या शापाचा निकाल लागतो, किंवा रॅनॉक ग्रहावर क्वेरियन लोक आणि गेथ यंत्रे यांचे वैर मिटते अथवा मिटत नाही, तेव्हा तिसरा भाग तिन्ही खेळांतील तुमच्या वागण्याची खरोखरच नोंद घेतो. त्यामुळेच शेवटची दहा मिनिटे अधिक बोचतात.

याच जातीचे, आकाराने लहान पण अधिक स्पष्ट असे उदाहरण २००८ मधील ‘फॉलआउट ३’चे आहे. शेवटी पाणी शुद्ध करणारे यंत्र सुरू करण्यासाठी जीवघेण्या किरणोत्साराने भरलेल्या खोलीत कोणीतरी जाणे भाग असते. तुमच्याबरोबर फॉक्स नावाचा सोबती असू शकतो, ज्याला किरणोत्साराने काहीही होत नाही आणि ज्याने आधी नेमक्या अशाच खोलीतून तुम्हाला एक वस्तू आणून दिलेली असते. तरीही तो जायला नकार देतो आणि ही तुझी नियती आहे, असे सांगतो. बलिदानाचे दृश्य लेखकाला हवे होते, म्हणून खेळाने स्वतःचाच नियम मोडला. पुढच्या वर्षी आलेल्या ‘ब्रोकन स्टील’ या विकतच्या विस्तारात फॉक्सला आत पाठवण्याची मुभा मिळाली आणि मुख्य कथेनंतर खेळ पुढे चालू ठेवण्याचीही सोय झाली.

प्रश्न : नायक मेला की खेळाडू नाराज होतात, एवढेच हे आहे ना?

उत्तर : नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये जॉन मार्स्टन आपल्या कुटुंबाला दूर पाठवून कोठाराचे दार उघडतो आणि बाहेर उभ्या असलेल्या सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडतो. त्या क्षणी खेळ नेम धरण्याची तीच संधी देतो जी त्याने आधी शेकडो वेळा दिलेली असते, फक्त या वेळी ती पुरी पडणार नसते. ‘शॅडो ऑफ द कलॉसस’मध्ये प्रत्येक महाकाय प्राणी मारल्यावर विजयाऐवजी अपराधी भावना मनात साचत जाते आणि शेवट त्या भावनेचाच निकाल लावतो. दोन्ही खेळ दुःखद आहेत, पण आधी जे पेरले तेच ते शेवटी उगवून दाखवतात, म्हणून खेळाडू त्यांची आठवण प्रेमाने काढतात. याउलट सुखांत असूनही निराश करणारा शेवट असू शकतो. २००७ मधील ‘बायोशॉक’ घ्या. त्यातील शहराचा संस्थापक अँड्र्यू रायन याच्या कार्यालयातील प्रसंगात, आपण इतका वेळ कोणाच्या तरी शब्दांची आज्ञा निमूटपणे पाळत होतो, हे खेळाडूला कळते आणि आज्ञापालन या व्हिडिओ गेमच्या मूळ सवयीलाच धक्का बसतो. मात्र त्यानंतरही खेळ पुन्हा दुसऱ्या आवाजाच्या सूचना पाळायला लावतो आणि अखेरीस एका अजस्र खलनायकाशी सरधोपट लढाई करवतो. वाटेत भेटणाऱ्या लहान मुलींना वाचवले असेल तर मिळणारा गोड शेवटही त्या प्रसंगाच्या उंचीला पोहोचत नाही.

प्रश्न : एवढा पैसा आणि एवढी माणसे हाताशी असूनही कंपन्यांना शेवट नीट का जमत नाहीत? ‘मेटल गिअर सॉलिड ५’ खेळून झाल्यावर मला खरोखरच खेळ अर्धा राहिल्यासारखा वाटला.

उत्तर : तुम्हाला तसे वाटले, कारण तो अर्धा राहिलेलाच होता. खेळाची सुरुवात सर्वांनाच दिसते. प्रदर्शनांत, ट्रेलरमध्ये, समीक्षकांच्या पहिल्या बैठकीत तीच पुढे येते. शेवटापर्यंत पोहोचणारे खेळाडू त्या मानाने थोडे असतात, आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातील अचीव्हमेंटची, म्हणजे टप्पे गाठल्याच्या नोंदींची, टक्केवारी पाहिली तर अनेक गाजलेल्या खेळांबाबत हे कोणालाही दिसू शकते. वेळ कमी पडू लागला की कात्री कुठे लागेल हे त्यावरून ओळखता येते. शिवाय शेवट आधीच्या सगळ्या भागांवर अवलंबून असल्यामुळे तो आधी बांधून ठेवता येत नाही. कथेच्या प्रत्येक फाट्यागणिक त्याचे काम वाढत जाते आणि ते नेमके मुदत जवळ आल्यावर करावे लागते.

‘द फँटम पेन’ या उपशीर्षकाचा हा पाचवा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये आला, आणि त्याच काळात त्याचे दिग्दर्शक हिदेओ कोजिमा व प्रकाशक कंपनी कोनामी यांची फारकत झाली. वर्ष संपताना कोजिमा यांनी स्वतंत्र स्टुडिओची घोषणा केली. खेळाच्या दुसऱ्या प्रकरणात नव्या मोहिमा मोजक्या आहेत आणि जुन्याच मोहिमा अधिक कठीण अटींवर पुन्हा यादीत दिसतात. अखेरचे सत्य उघड करणारी मोहीम तर रुग्णालयातील सुरुवातीचा प्रसंग जवळपास जसाच्या तसा पुन्हा खेळायला लावते. ईलाय हा मुलगा महाकाय यंत्र घेऊन पळून जातो आणि तो धागा तसाच लोंबकळत राहतो. त्याचा शेवट सांगणारी ५१ वी मोहीम खेळात नाहीच. तिची अपुरी दृश्ये आणि आराखड्याची चित्रे विशेष आवृत्तीबरोबर दिलेल्या डिस्कवर चित्रफितीच्या रूपात होती. चोरपावलांनी वावरण्याचे इतके मोकळे आणि बारकाईने घडवलेले जग क्वचितच पाहायला मिळते, म्हणून हे अपुरेपण मला आजही अस्वस्थ करते.

त्याहून जुने उदाहरण २००४ च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’चे आहे. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मिळालेला वेळ तोकडा होता, आणि शेवटच्या ग्रहावर सोबत्यांचे काय होते हे सांगणारे प्रसंग मोठ्या प्रमाणावर कापले गेले. त्यांतले बरेच ध्वनिमुद्रण आणि संवाद खेळाच्या फायलींत तसेच पडून होते. चाहत्यांनी वर्षानुवर्षे खपून ते पुन्हा जोडले, आणि आज संगणकावर हा खेळ घेणाऱ्याने तो दुरुस्त संच बसवूनच खेळावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातील क्रेइया या वृद्ध गुरूचे पात्र व्हिडिओ गेमच्या लेखनातील उत्तम पात्रांपैकी एक आहे. तिला साजेसा शेवट मिळायला हवा होता.

प्रश्न : जुन्या काळचे साधे खेळ तरी असे फसवत नव्हते, नाही का?

उत्तर : त्यांनीही निराश केले आहे. कॅपकॉमचा १९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ आजही अतिशय कठीण खेळांत गणला जातो. त्यातल्या शेवटच्या शत्रूला पहिल्यांदा हरवल्यावर, हा सगळा सैतानाने रचलेला भास होता, असे सांगून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच मिळतो, आणि घरगुती आवृत्तीत तोही अभिनंदनाच्या दोन-चार ओळींपुरता असतो.

प्रश्न : खेळ निराश करणार हे अर्ध्यावरच कळते, तरीही आपण तो पूर्ण का करतो? आणि चाळीस चांगल्या तासांपेक्षा शेवटचा एक वाईट तासच का लक्षात राहतो?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांच्या १९८५ मधील अभ्यासात सापडते. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काही जणांना पूर्ण किमतीत आणि काही जणांना सवलतीत दिली गेली. नाटके तीच होती, तरी पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या भागात अधिक प्रयोगांना हजेरी लावली. एकदा खर्च केलेली किंमत परत येणार नसते, पण ती वसूल करण्याची ओढ माणसाला पुढे खेचत राहते. व्हिडिओ गेममध्ये त्या किमतीत पैशांबरोबर तासही मिळवलेले असतात. यात दुकानांच्या नियमांचाही हातभार लागतो : स्टीमवर पैसे परत मिळण्याची सर्वसाधारण मर्यादा खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेले २ तास अशी आहे, आणि मोठ्या कथाप्रधान खेळात दोन तासांत प्रस्तावनाही संपत नाही. शेवटाविषयीची तक्रार म्हणूनच नेहमी मुदत टळल्यावरची असते.

दुसऱ्या प्रश्नासाठी डॅनिएल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग पाहावा. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले गेले. एकूण त्रास दुसऱ्या वेळी जास्त होता. तरी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला दुसरा निवडला, कारण तो किंचित सुसह्य जागी संपला होता. अनुभवाचा टोकाचा क्षण आणि त्याचा शेवट यांवरून स्मृती सगळ्याचा निकाल लावते, लांबीला ती फारसे मोजत नाही. चाळीस तासांचा आनंद खोटा नव्हता, एवढे मात्र लक्षात ठेवावे. तो अनुभवताना खराच होता.

प्रश्न : ‘नो मॅन्स स्काय’ नंतर पुष्कळ सुधारला असे सगळे सांगतात. मी तो २०१६ मध्येच आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत पोहोचून संपवला होता. माझ्या निराशेला आता काही अर्थ उरतो का?

उत्तर : उरतो. हॅलो गेम्सच्या छोट्या चमूने अठरा क्विंटिलियनहून अधिक ग्रहांचे विश्व गणिती सूत्रांतून उभे केले, ही मोठीच कामगिरी होती. मात्र केंद्रापर्यंतचा प्रवास हे ध्येय खेळानेच तुमच्यासमोर ठेवले होते, आणि तिथे पोहोचल्यावर तुम्हाला उत्तर न देता पुढच्या आकाशगंगेत, नादुरुस्त यान आणि अवजारांसह, पुन्हा आरंभाला आणून सोडले. जाहिरातीविषयीच्या तक्रारींवर ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०१६ च्या नोव्हेंबरात, स्टीमवरील जाहिरात दिशाभूल करणारी नाही, असा निर्णय दिला. तुमची तक्रार मात्र जाहिरातीची नाही. ती खेळाच्या आतल्या अभिवचनाची आहे.

नंतरच्या विनामूल्य अद्ययावत आवृत्त्यांनी खेळ खरोखर बदलला. २०१७ मध्ये कथा विस्तारली, २०१८ च्या ‘नेक्स्ट’ने सर्वांनी मिळून खेळण्याची खरी सोय आणली, आणि त्यानंतरही भर पडतच राहिली. ज्यांनी चुका निस्तरण्यासाठी इतकी वर्षे दिली त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी आज नव्याने येणारा खेळाडू जो खेळ खेळेल, तो तुम्ही खेळला नव्हता. ‘स्पोअर’च्या बाबतीत तर अशी भरपाईही झाली नाही. २००८ च्या त्या खेळात एका पेशीपासून अवकाशापर्यंतचे पाच टप्पे होते, त्यांतले मधले टप्पे लवकर आटोपत, आणि ग्रॉक्स या चिवट शत्रूंच्या वेढ्यातून आकाशगंगेच्या केंद्री पोहोचणाऱ्याला ग्रह फुलवणारी एक काठी मिळे, ती फक्त ४२ वेळा वापरता येई. प्राणी घडवण्याचे त्याचे साधन मात्र आजही कौतुकास्पद आहे.

प्रश्न : ‘फेबल ३’ अर्धा खेळून झाला आहे. आता राजा झालो आहे. शेवट फार निराश करतो असे ऐकले. पुढे खेळावे का?

उत्तर : जरूर खेळावे, पण एक गोष्ट आधी जाणून घ्यावी, कारण खेळ ती सांगत नाही. राज्यावर येणाऱ्या संकटापर्यंतचे दिवस पडद्यावर मोजले जातात, आणि प्रजेला दिलेली वचने पाळावीत की तिजोरी भरावी हा पेच तुमच्यापुढे असतो. ही कल्पना फार चांगली आहे. मात्र हे दिवस एकेक करून कमी होत नाहीत, ते मोठमोठ्या उड्या घेतात, आणि १२१ दिवस उरल्याचे दिसत असतानाच पुढचे काम हाती घेतले की थेट अंतिम लढाई येऊन ठेपते. अजून चार महिने आहेत असे समजून अनेकांनी पैसा साठवायचे पुढे ढकलले आणि त्यांची प्रजा मेली. सर्व प्रजाजन वाचवण्यासाठी राज्याच्या तिजोरीत ६५ लाख सोन्याची नाणी लागतात. तेव्हा आतापासूनच घरे आणि दुकाने विकत घेऊन भाड्याचे उत्पन्न वाढवावे, घरांची डागडुजी वेळोवेळी करावी म्हणजे भाडे थांबणार नाही, आणि १२१ हा आकडा दिसला की कोणतेही राजकाज पुढे रेटण्याआधी स्वतःजवळची रक्कम तिजोरीत भरावी. असे केल्यास चांगली वचने पाळूनही सगळे वाचतात.